वाळत घातलेलं घराणं

शाळेतून एकच चिठ्ठी आली, मजकूर दोन:
वर्गात उवा झाल्या आहेत,
आणि सोमवारपर्यंत वंशवृक्ष काढून आणावा.

आस्लाउग आठवडाभर बोडोच्या इस्पितळात, रात्रपाळीला.
म्हणून दोन्ही कामं माझ्याकडे.
मांडीवर योरुन, डोक्याला तेल फासलेली,
फणीच्या प्रत्येक ओढीला एक किंकाळी,
तीन वर्षांच्या मानानं फारच मोठी.
समोर आयलिफ, कागद, खडू,
आणि लॅपटॉपवर चर्चचं जुनं दप्तर,
कुण्या पाद्र्याचं अक्षर
माशाच्या काट्यांसारखं, घशात अडकणारं.

दुपारचे तीन. बाहेर काळोख.
सूर्य गेलाय, जानेवारीत येईल.

"बाबा, झाड कसं काढू?"
झाडासारखं.
"पण आपल्याकडे झाड कुठाय?"
खरंच की. अख्ख्या बेटावर एक,
डाकघरामागे, वाऱ्यानं कुबड आलेलं,
त्यावर पूर्वज टांगायचा धीर कुणाला होणार.
तेव्हा त्यानं काढला मासळी वाळवायचा मांडव,
लाकडी दांडे, आडवे, तिरपे,
आणि माणसं लटकवली कॉडसारखी
जोडीजोडीनं, शेपट्या एकत्र बांधून, तोंडं खाली.
आजी-आजोबांची गाठ लाल खडूनं.
लग्नगाठ म्हणतात ती हीच असावी.
घटस्फोट झालेली आत्या
एकटीच, खिळ्याला.
हे चित्र तिला पाठवायचं नाही, मी मनात नोंदवलं.

मग वरच्या दांड्यासाठी मी नावं वाचू लागलो.
हान्स आणि मारेन, राहणार खालची वस्ती.
१८३८: मुलगा, पेडर.
१८४०: मुलगा, पेडर.
१८४३: मुलगा, पेडर.

"तीन पेडर? मग हाक मारली की तिघंही यायचे?"
नाही रे.
एका वेळी एकच असायचा.

फणी थांबली.
योरुननं मान वळवून पाहिलं, ओरडायचं विसरून.
तिच्या अंगात आयलिफचा जुना स्वेटर,
मानेशी अजून त्याच्याच नावाची पट्टी.
पाळणाघरात नव्या बाईंनी हाक मारली, "आयलिफ!"
आणि ही खुशाल ओ देऊन मोकळी.
ते नावही असंच आलं असेल का,
पहिल्याला आखूड व्हायच्या आतच दुसऱ्याला,
धुऊन, घडी घालून,
घरात लोकर थोडी, म्हणून?

"आपण कुठल्या पेडरचे?"
तिसऱ्याच्या.
"मग आधीचे दोघं कोण आपले?"
माझ्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ,
म्हणजे माझे चुलत खापरपणजोबा.
चुलत खापरपणजोबा, वय अकरा आठवडे.
चुलत खापरपणजोबा, वय एक वर्ष, दात आलेले असणार.
पहिल्यापुढे कारण लिहिलंय: डांग्या खोकला.
दुसऱ्यापुढे नुसता शाईचा डाग.
पाद्री थबकला असेल, किंवा टाक गळका असेल.

तिसऱ्याच्या डोक्यात मात्र उवा झाल्याच असतील,
आणि मारेननं त्याला असाच गुडघ्यांत दाबून धरला असेल,
आणि तो बोंबलला असेल.
उवा व्हायला तेवढं जगावं लागतं.

आयलिफनं दोन मासे काढले, करंगळीएवढे.
"यांना कुणाशी बांधू?"
मला सुचेना.
मी फणी पुसली. पुसलेलीच परत पुसली.
त्यानंच बांधले मग, एकमेकांशी,
शेपटीला शेपटी, लाल गाठ,
मांडवाच्या आतल्या बाजूला,
"तिथं वारा कमी लागतो."

फोन वाजला. आस्लाउग, झोपेतून उठलेली.
"किती निघाल्या?"
चौदा, म्हटलं.
आणि दोन पेडर.
"काय?"
ये तू, मग सांगतो,
आणि मी पुढची बट धरली,
योरुनला आपलं ओरडायचं राहिलेलं आठवलं.