सतरा तारखेनंतर

मी दार धरून उभा असतो. बुलावायोत मला
दारानेच ओळखतात. सोळा सीटांची कॉम्बी,
आत बावीस माणसं आणि तेविसावा मी, अर्धा बाहेर.
कोण कुठे चढतं, मला पाठ आहे.
शाळेची पोरं, टोमॅटोच्या पाट्या घेतलेल्या बाया,
आणि पहाटे पावणेपाचला पाण्याच्या टाकीपाशी
सिस्टर थांडेकिले, पांढरे बूट प्लास्टिकच्या पिशवीत.

एक तारीख ते सतरा तारीख.

अठराव्या दिवशी ती दिसते हेडलाइटमध्ये,
कडेकडेने चालताना.
आमचे रस्ते रुंद, जुन्या काळी बैलांची अख्खी माळ
गाडीसकट वळावी म्हणून आखलेले.
एकट्या बाईला ते नुसते ओलांडायलाच किती वेळ लागतो.

मी हिशेबाचा माणूस, दुसरं काय येतं मला?
जायला दोन कॉम्बी, यायला दोन.
पीठ, तेल, घरभाडं, धाकट्याची फी.
सतराला संपतं.
मग नऊ किलोमीटर, बारा तास उभं राहणं,
आणि परत नऊ किलोमीटर.

ही भुवई बघा. तिनेच शिवली.
बाटली फुटली होती, चूक माझीच होती.
वॉर्डातले हातमोजे संपलेले,
तिने स्वतःच्या पर्समधून जोडी काढली
आणि मला दटावलं,
"हलू नकोस, दोरा मोजका आहे."
सात टाके. पुरला दोरा.

म्हणून एकदा, एकवीस तारीख असेल, मी गाडी थांबवली.
म्हटलं, बसा सिस्टर, पैसे नकोत.
ती चढली नाही.
म्हणाली, "म्दुदुझी, तू फुकट नेशील,
शेजारीण पीठ देईल, चर्चमध्ये जुने बूट मिळतील,
आणि वर बसलेले म्हणतील, बघा, भागतंय की हिचं."
मागून कुणीतरी ओरडलं, चला!
मी तसाच, एक पाय पायरीवर.
"वही आहे ना तुझ्याकडे? लिही."
कुणाच्या नावावर?
"ज्याने मला नेमलंय त्याच्या."
मग चढली.

तेव्हापासून लिहितो.
तारीख. टाकी ते शहर. एक सीट.
येणे बाकी: आरोग्य खाते.
आता खाली आणखी नावं आहेत,
प्रसूती वॉर्डातली नोमालांगा, एक्स-रेवाली ती उंच,
एकीचं मला नीट लिहिताही येत नाही.
रेडिओवर मंत्री त्यांना देवदूत म्हणाला
त्या सकाळी गाडीत असं काही हसू फुटलं!
"मग पंख दे म्हणावं. भाडं तरी वाचेल."

आज गुरुवार. एकीनेही पांढरे बूट आणलेले नाहीत.
चौदाजणी, मांडीवर खोक्यांचे पुठ्ठे,
शाई ओली, स्कर्टला लागू नये म्हणून
अवघडून धरलेले.
मी रूट मोडून गाडी सरळ इस्पितळाकडे घ्यायला लावली.
गाणं नाही, घोषणा नाही. त्या पुढे गेटवर होतील.
थांडेकिले खिडकीशी.
मध्येच म्हणाली, सात नंबरच्या आजोबांना सहाला इंजेक्शन असतं.
कुणीच काही बोललं नाही.
तिने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं.

मालक गुमेडे विचारेल, हे कोण फेडणार?
मला ठाऊक नाही.
मी चौदा ओळी लिहिल्या,
छतावर थाप मारली,
दार उघडलं.
सहाला पाच मिनिटं कमी होती.