ठिपक्यांवरची नावं

माझं अक्षर चांगलं, दोन्ही लिप्यांत.
म्हणून क्लस्टरची प्रशस्तिपत्रं दरवर्षी
नंदगडहून माझ्याच टेबलावर येतात,
सीआरपींच्या मोटारसायकलीवरून,
रबर लावलेल्या गुंडाळीत, कोपरे दुमडून.
चौकट सोनेरी, मजकूर कन्नडात छापलेला,
मधे ठिपक्यांची एक ओळ मोकळी.
तिथं माणूस बसवायचा.

यंदा एकोणीस.
सातेरी गावडा, पाचवी, एकही खाडा नाही.
साकव वाहून गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही.
विचारलं तर म्हणाला, वरल्या अंगानं आलो.
वरलं अंग म्हणजे चार किलोमीटर जास्त.
होन्नव्वा मादार, बिसीऊट शिजवणारी,
ताटाआधी पोराचं तोंड बघते
आणि ज्याच्या घरी काल चूल पेटली नाही
त्याच्या ताटात न विचारता
दुसरा डाव रिकामा करते.
हिरेमठ मॅडम, कन्नडच्या.
गदगहून आल्या तेव्हा मराठीतलं
'बस कधी?' एवढंच येत होतं.
आता मुलांवर रागावतात आमच्या बोलीत
आणि मुलं माफी मागतात कन्नडात.

पालकांत एकच नाव, मष्णू घाडी.
वस्तीवरची अकरा मुलं तो जंगलातून आणतो.
त्या वाटेला अस्वलं आहेत.
पुढे तो, हातात तेलाचा रिकामा डबा,
काठीनं बडवत बडवत.
आम्हाला घंटेआधी डबा ऐकू येतो.
सीआरपी म्हणाले, ह्यांचं मूल कितवीत?
म्हटलं, सर, त्यांचं पोर गेल्या वर्षीच
हायस्कुलात गेलं.
मग पालक कसे?
मी काही बोललो नाही.
त्यांनीच जरा वेळानं यादीवर टिचकी मारली,
असू दे, लिहा.

रात्री लाइट गेलेली. मोबाइलच्या उजेडात
पेन टेकवलं आणि हात अडला.
मष्णू. हे काय नाव, सोनेरी चौकटीत?
साहेब माइकवरून वाचणार,
तालुक्याची माणसं ऐकणार.
शाळेत घालतानाही आपण
नावं सुधारूनच घेतो की.
सुधारलं. विष्णू.
चांगलं वळणदार काढलं, फुंकर घातली, झोपलो.

मंडपात माइक खरखरला.
विष्णू घाडी.
पुन्हा, विष्णू घाडी.
टाळ्या सुरू होऊन मधेच विझल्या.
तिसऱ्या रांगेत तो बसलेला,
इस्त्रीची घडी न मोडलेल्या सदऱ्यात,
मान वळवून वळवून
हा विष्णू कोण ते शोधत होता,
टाळीसाठी दोन्ही हात तयार ठेवून.

सातेरी ओरडला, "ओ आबा, तुमीच की!"
"माझं न्हवं ते नाव, पोरा.
दुसऱ्याचं आपण कशाला घ्या?"

मी व्यासपीठावरून उतरलो,
शाल तिथंच राहिली, हातात नुसता कागद.
काय बोललो आठवत नाही.
'माझ्याकडनं चुकलं' एवढं निघालं असावं.
त्यानं कागद धरला, ओळीवरून बोट फिरवलं,
ओल्या भिंतीवरून फिरवावं तसं हलकं.
"झकास काढलासा की गुर्जी."
मग थोडं थांबून,
"पर अस्वलाला मी मष्णूच म्हाईत हाय."

सगळे हसले. मीही हसलो, उशिरा.

एक कोरं प्रशस्तिपत्र शिल्लक होतं,
गुंडाळीतलं शेवटचं, सर्वांत दुमडलेलं.
दुसऱ्या दिवशी लवकर शाळेत जाऊन
पुस्तकाखाली दाबून सरळ केलं.
आधी रफ वहीत लिहून पाहिलं,
म, ष, ण,
इकडच्या लिपीत, तिकडच्या लिपीत.
ण दोन्हीकडे जरा अवघडच.
मग ठिपक्यांवर.

शाई वाळायची होती.
कुठूनतरी टेकाडापलीकडून
पत्र्याचा आवाज यायला लागला.
घंटेला अजून सात मिनिटं.