नकाराचे टक्के

रात्रीचे सव्वा दोन. रबाळे, एमआयडीसी.
आत जाणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी चोवीसशे,
बाहेर येणाऱ्याची एरवी पस्तीस.
आज ब्याण्णव.
रिजेक्शन साडेअठ्ठ्याण्णववरून शहाण्णव पूर्णांक दोन.

फणसळकर साहेब फोनवर झोपेतच म्हणाले,
"दोनच टक्के ना?"
दोनच. पण साहेब, निसटणारं मीठ
दीडाचं जवळजवळ चार झालं,
आणि पलीकडच्या बॉयलरला टक्के कळत नाहीत,
त्याला मीठ कळतं.

एप्रिल आहे. टाकीतलं पाणी तेहतीसवर,
जानेवारीत चोवीस होतं.
उकाड्यात पडदाही सैलावतो,
पाण्याला हो म्हणता म्हणता
मिठालाही नाही म्हणवत नाही त्याला.
थोडा दोष उन्हाळ्याच्या पदरात घातला.
सगळा नाही.

दाब पाहिला. दाबाचं गणित मजेशीर:
वाढवला की पाणी घाईनं पलीकडे निघतं,
मीठ आपल्याच चालीनं येतं,
तेवढंच मीठ जास्त पाण्यात पसरतं
आणि कागदावर पडदा कडक दिसतो.
मल्लेश म्हणाला, "मग चढवा की दोन किलो, आकडा येईल."
येईल.
ताप आलेल्या पोराचा थर्मामीटर
माठाला टेकवला तरी आकडा येतोच.

सामू सातच्या आसपास, ठीक.
या सामूला बोरॉन अंगावर भार न घेता हिंडतो,
बराचसा आरपार जातो.
विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तर विचारतही नाही.
पडदा अडवतो थोराड देहाच्यांना,
भार घेऊन आलेल्यांना.
बिनभाराच्या बारीकांना कोण अडवणार?
हे टिकम मॅडमनी सांगितलं होतं,
लॅबमध्ये, डब्याचं झाकण उघडता उघडता,
आणि मग म्हणाल्या, आज पण गवारच.

क्लोरीनचं भय मनात होतंच.
जंतू मारायला घातलेला,
वाटेत मारायचा राहिला तर पडदाच खातो.
पट्टी बुडवली. रंग बदलला नाही.
हुश्श.

मग उरलं ते कंटाळवाणं काम.
बारीक नळी घ्यायची, एकेका व्हेसलच्या पोटात
हातभर सारायची, थेंब मोजायचे,
पुन्हा हातभर.
पहिलं व्हेसल: चाळीस, चाळीस, बेचाळीस.
दुसरं तसंच.
तिसऱ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मेम्ब्रेनच्या मध्ये
दोनशे दहा.

बाबा घणसोलीच्या खाडीकाठी मिठागरावर होते.
भरतीचं पाणी कोंड्यात घ्यायचं, उन्हाला द्यायचं.
म्हणायचे, "पानी जातं, मीठ ऱ्हातं.
आपुन निसती वाट बगाची."
मी त्याच खाडीपासून चार किलोमीटरवर
मीठ मागे लोटतो आणि पाणी पुढे पाठवतो.
इतकी वर्षं वाटायचं, उलटं काम करतोय.
तसं नाही बहुतेक. मलाही मिठाचीच राखण.

प्लांट बंद केला.
बंद पडद्यातून मीठ सावकाश पलीकडे झिरपतं,
कुणी ढकलत नसताना,
म्हणून हात भराभर चालवले.
झाकण काढलं, मेम्ब्रेन ओढल्या,
मल्लेशच्या बॅटरीच्या उजेडात
जोडावरची ओ-रिंग दिसली:
पीळ बसलेली, एका बाजूनं चिरलेली,
करंगळीच्या नखाएवढी फट.

सहा महिन्यांपूर्वी ही रिंग कुणी बसवली
ते रजिस्टरात आहे. अक्षर माझंच.
ग्लिसरीन संपलं होतं त्या दिवशी,
कोरडीच सरकवली होती.

नवी बसवली. ग्लिसरीन लावून, दोनदा.
सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं
पाणी गटारात सोडलं.
साडेचारला आकडा एकोणचाळीसवर टेकला.
बाकीचे चार उन्हाळ्याचे, ते उन्हाळ्यासोबत जातील.

साहेबांना मेसेज केला: पडदा चांगला आहे.
खालची ओळ टाइप केली, खोडली, पुन्हा टाइप केली:
रिंग माझ्या हातची होती.

मल्लेशनं विचारलं, "जुनी टाकू का?"
म्हटलं, राहू दे.
आता ती माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे,
कशालाच अडवत नाही.