पाघफूल

शनिवारी सकाळी
हिंगण्याच्या कॉलेजातून आम्ही पाच जण,
थर्ड इयर, दोन क्रेडिटसाठी,
अग्रसेन चौकात मेट्रोतून उतरलो
आणि तांडापेठेतल्या महापालिकेच्या शाळेत
सातवी ‘ब’ला सुरक्षित करायला गेलो.

प्रोजेक्टर होता, लाइट नव्हती.
कूलर होता, तोही त्यामुळे गप्प.
अठ्ठावीस स्लाइड बॅगेतच राहिल्या,
टोपडं ओढून बसलेल्या चोराच्या चित्रासकट.
मग खडू घेतला.
म्हटलं, प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकवा,
क चा ख, ग चा घ, ह संपला की पुन्हा क.
काना-मात्रेला हात लावायचा नाही.
(‘ळ’ला कुठं बसवायचं, यावर दहा मिनिटं भांडण.)
आता नागपूर लिहा.

खिडकीपाशी कोणीतरी ओरडलं, पाघफूल!
आणि वर्ग असा हसला,
जणू या शहराला एवढी वर्षं
हेच नाव हवं होतं.

मग नियम. ते मला पाठ होते.
पिन कुणालाही सांगायचा नाही.
मित्राला नाही, मावशीला नाही,
आईनं मुलांना नाही, मुलांनी आईला नाही.
मागून हात वर. हर्षाली पराते.
एका वेणीला लाल रिबन, दुसरीला निळी.
"मॅडम, माह्या मायले वाचता येत नाही.
तिचा पिन मीच दाबते.
मंग मी चोर का?"

अठ्ठाविसांपैकी एकाही स्लाइडवर
हर्षालीची आई नव्हती.
मी बाटलीतलं पाणी प्यायले. गरम होतं.

ती उभीच होती, तिचं संपलं नव्हतं.
"गांधीबागेत आमचा चना-पोह्याचा ठेला आहे.
दिवाळीच्या आधी कोनं तरी
आमच्या स्कॅनरवर त्याचा स्कॅनर चिकटवला.
दोन दिवस लोक पोहे खाऊन गेले,
पैसे टाकून गेले,
पन डब्बा बोललाच नाही.
माय म्हने, सेल गेला असंल.
मी नखानं कोपरा उचलला,
त खालून आमचावाला निघाला!"

आता ती रोज, तर्री उकळायच्या आत,
स्टिकरच्या चारही कडांवरून नख फिरवते.
कसं ते तिने बाकावर दाखवलं.
पस्तीस पोट्टे-पोट्ट्या बाकांचे कोपरे खरवडू लागले,
खर्र खर्र, नुसता आवाज.
आमच्या पुस्तकात याला लांबलचक नाव आहे.
फळ्यावर लिहायला हात उचलला,
आणि तसाच खाली आणला.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात
वर्गशिक्षिका धापोडकर मॅडम हळूच म्हणाल्या,
"तो वीज कापतो म्हणणारा फोन असतो ना…
मला आला होता."
किती गेले, मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं, अकरा हजार.
यजमानांना ठाऊक नाही, लेकाला नाही.
सगळ्यात पक्का पासवर्ड
त्या दोन वर्षं एकट्याच सांभाळत होत्या.
मी त्यांना तक्रारीचा नंबर लिहून दिला.
त्यांनी तो पदराच्या टोकाशी बांधला, पैशासारखा,
आणि घंटा वाजवायला गेल्या.

सर्टिफिकेट वाटली. माझ्या नावात चूक होती.
निघताना हर्षालीनं हातात चिठ्ठी कोंबली,
चार घड्या, वर कोपऱ्यात डिंकाचा ठिपका.
"घरी वाचजा."

घरी कोण थांबतंय.
कॉटन मार्केट आलं, गाडी वळली,
मी नखानं डिंक काढला.

थुयछा फॅठल्प धिहवा.

एक-एक अक्षर मागे नेत गेले, ओठ हलवत,
थ चा त, य चा म,
सीताबर्डीपर्यंत पूर्ण झालं.
तोवर मी तीनदा फोन उघडला होता,
तोच इंग्रजी झेड, पहिल्या वर्षापासूनचा,
बोटानं, सगळ्या डब्यासमोर.

शेजारचे काका खिडकीतून बाहेर बघत होते.
निदान तसं दाखवत तरी होते.
मी फोन पर्समध्ये टाकला,
चेन लावली,
आणि चिठ्ठी पुन्हा चार घड्यांत घातली.