तीस मिलिमीटर

गाडी सेकंडहँड. इंजिन टर्बो.
शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेली,
म्हणजे आपल्याच मुलखातली म्हणायची.
मी लातुरात फिजिक्सचे क्लास घेतो.
स्प्रिंगला टांगलेलं वजन फळ्यावर इतक्यांदा काढलंय
की झोपेतही बोट वेटोळी काढतं.

मुजीबभाईंचं गॅरेज डाळमिलच्या मागं.
तुरीच्या सालांचा धुरळा बॉनेटवर बसत होता,
ते जुन्या स्प्रिंगा काढत होते.
"सर, तीस एमेम खाली बसंल बगा.
पुन्हा म्हणू नका, ब्रेकरला पोट घासलालंय."
म्हटलं, घासू द्या.

आपले रस्ते काळ्या मातीवर निजलेले.
माती पावसात फुगते, उन्हाळ्यात उलते,
वरच्या डांबराला चुण्या पडत जातात.
पूर्वी गाडी हे सारं पोटात घालायची.
आता औसा रोडची एकेक चुणी
मणक्यात वाचता येते.

चाकं सतरा इंची, अलॉय.
मशीनवर फिरत्या रिमकडं डोळे बारीक करून
मुजीबभाईंच्या शोएबनं
शिशाचा नखाएवढा तुकडा आतून चिकटवला.
"एवढ्यासाठी शंभरच्या वर स्टेअरिंग थरथरतंय, सर."
दहावी नापास पोरगा.
वाटलं, याला क्लासला फुकट बसवावं.
मग वाटलं, नको.

शेवटी एक्झॉस्ट. अडीच इंची स्टेनलेस,
मधला डबा काढून तिथं सरळ नळी,
वेल्डिंगची निळी-जांभळी शिवण.
पहिला स्टार्ट मारला
तर मिलच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उठली.
रिकाम्या हौदात तोंड घालून
कुणी हाक मारावी, तसा आवाज.
घशातला नाही. त्याच्या खालचा.

रविवारी पहाटे, चारच्या सुमाराला,
मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारावी म्हणून
दारातच चावी फिरवली.
थंड इंजिन, दीड हजार आरपीएम.
मांडणीवरची भांडी बोलायला लागली,
मग खिडकीच्या काचा.

अक्का अंगणात होती.
कधी आली, दिसलंच नाही.
अनवाणी, केस सुटलेले,
माझी झोपलेली पोरगी बगलेत,
आणि तोंडात एकच,
बाहेर या, बाहेर या, बाहेर.

किल्लारीच्या अलीकडचं आमचं गाव.
त्या पहाटे अक्का पंधराची, मी तिनाचा.
मला तिनं ओढून काढलं, हे मला माहीत आहे,
न बघितलेल्या गावाचं नाव माहीत असावं, तसं.
तिच्या तळपायांना ते पाठ आहे.

इंजिन बंद केलं.
"गाडी हाय अक्का. माझी गाडी."
ती बघत राहिली. पोरीला खाली ठेवलं.
"लई खर्च केलास की रं," म्हणाली आणि हसली,
आणि तिचे हात काही थांबेनात.

रेझोनन्स. गेल्याच आठवड्यात शिकवला,
तीन बॅचेसना, सलग.
झोका सांगितला, पूल सांगितला, काचेचा पेला सांगितला.
मांडणीवरची भांडी राहून गेली.

दुपारी मुजीबभाईंकडं गेलो.
मधला डबा त्यांनी भंगारात घातलाच नव्हता.
सगळं ऐकून घेतलं, पाना उचलला,
गाडीखाली सरकता सरकता म्हणाले,
"आमची खाला अजून दाराला कडी लावत नाही."

स्प्रिंगा राहिल्या. चाकं राहिली.
संध्याकाळी अक्काला पुढच्या सीटवर बसवलं.
बेल्ट तिला अवघड जात होता, मी लावून दिला.
पाचव्या गिअरात गाडी आता
कुजबुजल्यासारखी चालली होती.
अक्का बाहेर बघत नव्हती.
दोन्ही पाय मॅटवर सपाट, चपला काढून बाजूला.

"हळू घे," म्हणाली.
"पुढं मोरी हाय."

मला रस्ता सरळच दिसत होता.
मोरी होती.