आत उघडणारं दार

सोऱ्याची बारीक शेवेची चकती
आई दिवाळीपासून शोधतेय.
ती माझ्या यानाच्या शेपटीला आहे, उलटी चिकटवलेली.
भोकांतून ज्वाळा निघतात असं समजायचं.

पुढे सलाईनच्या नळ्या, टूथपेस्टची टोपणं,
बर्फाच्या कारखान्यातला बाद प्रेशर गेज
(काटा अजून चौदावर अडलेला).
हर्णैत रंग लवकर वाळत नाही,
एमसीलसुद्धा दुसऱ्या दिवशी बोटाला लागतं.
पण बाहेरगावचे लोक ब्रशनं गंज रंगवतात म्हणे;
मी पत्रा तारेवर टांगतो, सुकत्या बांगड्यांशेजारी,
आणि आठ दिवसांत समुद्र त्याला
दोनशे वर्षं जुना करून देतो.
वास येतो थोडा. चालायचंच.

काल याकूब मिस्त्री आले.
फायबर येण्याआधी या बंदरातल्या निम्म्या होड्या त्यांच्या.
चष्मा कपाळावर ढकलून यान उलटं केलं,
पोटावरून अंगठा फिरवला.
"नाळ कुठली हिची?"
म्हटलं, तिथं पाणी नाही, वारा नाही,
पुढं-मागं असं काही नसतं.
"बरं. मग माणसं चढतात कुठून?"

आठ महिने झाले होते.
दार केलंच नव्हतं मी.

आज सकाळी ओट्यावर एक काड्यापेटी.
आत सागाचं दार, नखाएवढं,
टाचणीच्या बिजागरीवर.
"आत उघडणारं लाव," रस्त्यावरूनच ओरडले,
"बाहेर उघडलं तर लाट घेऊन जाते."

तिथं लाट नसते, हे मी नाही बोललो.
आत उघडणारंच लावलं.