गिरणीपाशी इंजिन बंद

दहानंतर गिरणीपाशी इंजिन बंद.
पाटी नाही कुठे. तरी बंद.
तिथून वर माची पेठेतला चढ,
गाडी हातानं ढकलायची,
अडलेली म्हैस गोठ्यात न्यावी तशी.

सेकंड शिफ्ट सुटून मी येतो तेव्हा
किल्ल्यावरच्या टॉवरचा तांबडा दिवा तेवढा जागा.
धापा टाकतो, पण तोंड मिटून.
घराशी स्टँड लावायचा तोही पायानं दाबत,
खट् व्हायच्या आत.

बाकीचं कुणी शिकवलं नाही.
मोरीत भांडी टाकायची नाहीत, ठेवायची.
बोअरची मोटर सकाळवर.
नवरा-बायकोचं पेटलंच तर
गाडीवर बसून बोगद्यापलीकडे जायचं,
तिथं हवं तेवढं ओरडून यायचं.
अत्तारचाचांना उबळ आली की ते उशीत खोकतात.
गणपतीत ढोल गिरणीपाशी थांबतात
आणि मूर्ती वर येते
नुसत्या चपलांच्या आवाजावर.

कारण होतं याला.
लावंघऱ्यांच्या शैलावहिनींचं सातमाशी पोर,
दीड किलोचं, कापसात गुंडाळून आणलेलं,
जरा खुट्ट झालं की दचकून काळंनिळं व्हायचं.
सगळ्यात आधी शिंत्र्यांनी
गिरणीचा पट्टा उतरवला रात्रीचा.
दिवाळी तोंडावर, भाजणीचे डबे दारापर्यंत,
तरी उतरवला.
मग बाकीचे काय बोलणार?

ते पोर म्हणजे प्रणिल.
आता बावीसचा, माझ्याहून वीतभर उंच.
बुलेट घेतलीय, सायलेन्सर बदललेला;
पोवई नाक्यावर निघाला की इथं कळतं.

परवा रात्री एकला
ती फटफट गिरणीपाशी गप्प झाली.
खिडकीतून पाहिलं,
दोन क्विंटलचं धूड रेटत येतोय,
घामाघूम,
मधेच चाकाला दगड लावून उभा राहतोय.

कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूनं दारातूनच विचारलं,
"एवढं कशाला? कुणी आजारी आहे का?"
तो कुजबुजला,
"काय माहीत. आमच्या गल्लीत असंच असतं.
हळू बोला."

शैलावहिनींच्या खिडकीतला दिवा
चाकाची चरचर दाराशी येईपर्यंत होता,
मग मालवला.

स्टँड मात्र त्याला अजून जमत नाही.
खट्.
चाचा उशीत खोकले.